मेट्सनी २०२५ ला पण सप्टेंबरात माती खाल्ली

आधी एक आकडा सांगतो म्हणजे माझा राग कुठनं येतोय ते कळेल. २०२५ च्या सीझनमध्ये आठ इनिंग झाल्यावर न्यूयॉर्क मेट्स मागे आहेत असं ७० वेळा झालं आणि त्या ७० च्या ७० मॅच हे हरले. एक पण नाही जिंकली. बेसबॉलमध्ये नऊ इनिंग असतात, नवव्या इनिंगला मॅच फिरणं म्हणजे काय चमत्कार नाही, भिकारातली भिकार टीम पण वर्षात दोनचारदा फिरवते, आणि ह्यांच्याकडं ७६५ मिलियन डॉलरचा एक बॅटर बसलाय, आपल्या पैशात साडेसहा हजार कोटीच्या आसपास, तरी शून्य. आणि आम्ही रोज नववी इनिंग संपेपर्यंत फोन धरून बसायचो. आज होईल, आज होईल. घंटा.

आता सोलापुरात बसून बेसबॉल कोण बघतंय असं विचारणारे विचारणारच. माझा आत्याचा मुलगा न्यू जर्सीत असतो, २०१५ ला मेट्स वर्ल्ड सिरीजला, म्हणजे फायनलला, पोचले (आणि कॅन्सस सिटीकडून हरले) तेव्हा त्यानं येताना एक निळी टोपी आणली, वर नारिंगी एनवाय, आणि बजावून सांगितलं की न्यूयॉर्कची दुसरी टीम यांकीज, ती ही नाही, हे वेगळं. टोपीपासनं सुरू झालं ते लागलंच. बाकी नवी पेठेत जा, यांकीजच्या टोप्या दोनशे रुपयाला ढिगानं लटकवलेल्या असतात, निम्मं सोलापूर यांकीजची टोपी घालून फिरतंय आणि एकालाही माहीत नाही की ही टीम आहे. मला पण विचारतात, "न्यूयॉर्कला जाऊन आला का ओ?" मी हो म्हणतो. कोण समजवत बसणार.

टायमिंग तसं बरं आहे खरं तर. तिकडची संध्याकाळी ७.१० ची मॅच म्हणजे आपल्याकडं पहाटे ४.४०. लोक त्या टायमाला कंबर तलावाकडं फिरायला जातात, मी चहा ठेवून मॅच लावतो. वर्षाला १६२ मॅच. आयपीएलमध्ये टीम १४ लीग मॅच खेळते, चार हरली की लोक टीव्ही फोडायच्या गोष्टी करतात, इथं एप्रिल ते सप्टेंबर जवळपास रोज. त्यामुळं टीम चांगली चालत असली की सहा महिने घरात वातावरण चांगलं असतं, आणि नसली की बायकोला माझ्या तोंडावरनंच स्कोअर कळतो.

तर २०२५ ची कथा. १२ जूनला मेट्स ४५-२४ होते. ४५ जिंकलेल्या, २४ हरलेल्या. त्या दिवशी अख्ख्या मेजर लीगमध्ये सगळ्यात भारी रेकॉर्ड ह्यांचं, आपल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे पाच टीमच्या गटात, साडेपाच मॅचची लीड. माझा एक दोस्त आहे, घरी कन्नड बोलतात, आरसीबीचा कट्टर, त्यांचं नुकतंच ३ जूनला झालेलं, १८ व्या सीझनला पहिला कप, गडी अजून हवेतच होता. तो मला म्हणला, "आमचं झालं बे, आता तुमचं पण होतंय बघ, हे वर्षच आपलं आहे." मी पण हवेत. मेट्सनी शेवटचं जिंकलं १९८६ ला, मनात म्हणलं ३९ वर्षांनी का होईना.

त्याच १२ जूनच्या मॅचमध्ये कोडाई सेंगा, आमचा एक नंबरचा पिचर (म्हणजे बॉल टाकणारा), पहिल्या बेसवर थ्रो घ्यायला पळत गेला, थ्रो जरा उंच आला, ह्यानं उडी मारली आणि मांडीचा स्नायू गेला. मॅच जिंकलो. तिथनं पुढं ३८-५५. म्हणजे जूनच्या मध्यापासनं ही टीम रद्दीतली टीम होती आणि आम्हाला ते सप्टेंबरच्या २८ तारखेपर्यंत कुणी नीट सांगितलंच नाही.

सांगितलं नाही म्हणजे काय, तर ते वाइल्ड कार्ड, डिव्हिजन न जिंकता पण प्लेऑफला जायचा मागचा दरवाजा. पूर्वी डिव्हिजन गेली की खेळ खलास, माणूस ऑगस्टमध्येच मोकळा व्हायचा, झोपायचा. नंतर एक वाइल्ड कार्ड आलं, मग दोन केले, २०२२ पासनं मेजर लीगच्या दोन्ही लीगमध्ये तीन-तीन. आता एका लीगमधनं प्लेऑफला सहा टीम जातात आणि सहावी जी असते ती बहुतेक वेळा कशीबशीच असते. मेट्स हरायचे, पण त्याच दिवशी रेड्स पण हरायचे, जायंट्स पण हरायचे, डायमंडबॅक्स पण, आणि टेबलमध्ये मेट्स अजून तिसऱ्या वाइल्ड कार्डवर. आठ मॅच लागोपाठ हरले सप्टेंबरात, आठ! तरी जागेवर. म्हणजे राग पण पूर्ण करता येत नाही. शिवी अर्ध्यावर आली की कुणीतरी म्हणतंय अजून चान्स आहे. आयसीयूतला पेशंट असतो ना, डॉक्टर रोज म्हणतात "बघू उद्या", आणि नातेवाईक घरी पण जाऊ शकत नाहीत आणि बसून पण काय उपयोग नाही, तसला सगळा कारभार.

त्या आठातली एक मॅच डोक्यातनं जात नाही. फिलाडेल्फियातली चार मॅचची सिरीज, पहिल्या तीन हरलेल्या, चौथी ११ सप्टेंबरची, म्हणजे आपल्याकडं शुक्रवारची पहाट. आमच्याकडं त्या दिवशी पाण्याची पाळी होती. सोलापूरच्या माणसाला पाण्याची पाळी म्हणजे काय ते सांगायला नको, चार-पाच दिवसांनी नळ येतो, तो कधी येईल तो मुहूर्त, आला की घरातली सगळी भांडी रांगेत. मी फोन जिन्याच्या पायरीवर उभा केला, एक कान नळाकडं. पहिल्याच इनिंगला मेट्सनी ४ रन काढले. ४-०! लुझार्डो म्हणून त्यांचा पिचर, डावखुरा, त्याला पहिल्याच इनिंगला धू धू धुतला. मी खुशीत मोटर चालू केली, पहिला बॅरल लावला. त्यानंतर त्या लुझार्डोनं लागोपाठ २२ बॅटर आऊट केले. बावीस. हंडे भरले, बॅरल भरले, वरची टाकी भरायला लागली, मेट्सचा एक माणूस पहिल्या बेसपर्यंत पोचेना. मी हातात पाइप धरून स्क्रीनकडं बघतोय, पाइपातनं पाणी माझ्या पायावर, वरनं बायको ओरडायलीय "अहो टाकी वाहायलीय, बंद करा की ती!" मी म्हणलं कुठली, मोटर का मॅच. ६-४ हरले. शेजारचे काका दारात ब्रश करत उभे होते, म्हणले "काय बघालास बे एवढं पहाटे?" मी म्हणलं काय नाही काका, बातम्या.

आता सगळे जण खापर फोडतात हुआन सोटोवर, त्या ७६५ मिलियनवाल्या बॅटरवर, कारण पैसा दिसतो. १५ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, एवढा पैसा, मग टीम का हरते. मला हे पटत नाही, अजिबात पटत नाही. सुरुवातीचे दोन महिने तो थंड होता हे खरं, पण सीझन संपताना ४३ होमरन (आपला सिक्सर समजा) आणि ३८ चोरलेले बेस (पिचर बॉल टाकतोय तोवर पळून पुढचा बेस गाठायचा), अजून त्या माणसानं काय करायचं, पिचिंग पण करायची का? रडगाणं पिचिंगचंच आहे आणि ते हिवाळ्यातच दिसत होतं. सोटोला तिजोरी उघडली आणि स्टार्टर पिचर घेताना मात्र मंगळवार बाजारात आल्यासारखी घासाघीस. फ्रँकी मोंटास घेतला, तो सुरुवातीलाच जखमी. ग्रिफिन कॅनिंग घेतला, बरा चालला होता तोवर जूनच्या शेवटी त्याची टाच गेली. मनाया निम्मा सीझन बाहेर. क्ले होम्स हा मुळात रिलिव्हर, म्हणजे शेवटच्या एखाद-दोन इनिंग टाकणारा, त्याला स्टार्टर बनवला, आणि त्यानं बिचाऱ्यानं केलं पण बऱ्यापैकी, पण पाच इनिंगनंतर त्याचं पेट्रोल संपायचं.

ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी, स्टार्टर म्हणजे जो मॅच सुरू करतो, त्यानं सहा-सात इनिंग टाकाव्यात ही अपेक्षा. उरलेल्या दोन-तीन इनिंग बुलपेनमधले बाकीचे, म्हणजे रिलिव्हर, वाटून घेतात. मेट्सचं जून-जुलैपासनं असं झालं की डेव्हिड पीटरसन सोडला तर सहाव्याच्या पुढं कुणी जातच नव्हतं. रोज चार-साडेचार इनिंग बुलपेनच्या गळ्यात, रोज म्हणजे रोज, आणि ऑगस्ट आला तेव्हा त्या पोरांचे हात शिल्लकच नव्हते. पीटरसन पण शेवटी माणूसच, जुलैला ऑलस्टार (निवडक स्टारची मॅच) खेळला आणि त्यानंतर त्याचं पण बिघडलं. मग जुलैअखेरीला मॅनेजमेंटनी काय आणलं? अजून रिलिव्हर! हेल्सली, रॉजर्स, ग्रेगरी सोटो. स्टार्टर एक पण नाही. हेल्सली कार्डिनल्सकडून आला, तिकडं क्लोजर होता, म्हणजे शेवटची इनिंग टाकून मॅच संपवणारा, इकडं आला आणि नुसता मार खाल्ला. सगळ्यात गार वाटायचं ते ऑगस्टमध्ये वर आणलेल्या नोलन मॅक्लीनला बघून, नवं पोरगं, बॉल असा वळवतो की बॅटर जागेवर खुर्चीत बसल्यासारखा होतो. पण तो पाच दिवसांनी एकदा. आमच्या नळासारखा.

टीव्हीवरची कॉमेंट्री मात्र ह्या सगळ्यात बघण्यासारखी असते. कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग, दोघं पण ८६ च्या जिंकलेल्या टीममधले. डबल प्लेला (एकाच बॉलवर दोन आऊट) साधी चूक झाली की हर्नांडेझचा जो उसासा येतो तो ऐकून मला आमचे तालमीतले जुने वस्ताद आठवतात, बोलत काही नाहीत, नुसते बघतात.

शेवटचा वीकेंड मायामीत, मार्लिन्सविरुद्ध. इथं जुन्या मेट्सवाल्यांच्या पोटात गोळा का येतो ते सांगायला पाहिजे. २००७ ला मेट्सकडं १७ मॅच राहिलेल्या असताना ७ मॅचची लीड होती, ती घालवली, शेवटच्या दिवशी मार्लिन्स, आमचा टॉम ग्लॅव्हिनसारखा पुढं हॉल ऑफ फेमला गेलेला पिचर, त्यानं एक माणूस आऊट करेपर्यंत ७ रन दिले, सीझन खलास. २००८ ला परत शेवटचा दिवस, २८ सप्टेंबर, परत मार्लिन्स, ४-२ हरले, ती मेट्सच्या जुन्या शिया स्टेडियममधली शेवटची मॅच, तिचा पण सत्यानाश. आणि २०२५ ला? २८ सप्टेंबर, रविवार, मार्लिन्स. मी हे भावाला मेसेज केलं तर तो म्हणला नको बोलू, नको बोलू.

ती मॅच आपल्याकडं रात्री १२.४० ला होती, सोमवार लागलेला. नवरात्र चालू. त्याच आठवड्यात सीनेला पूर आलेला, माढा-मोहोळकडं लोकांची घरं-शेतं पाण्याखाली, ऑफिसातल्या दोघांची गावं त्यातच, दिवसभर तेच फोन. असल्या टायमाला बेसबॉलचं रडगाणं बाहेर कुणाला सांगायचं पण नाही एवढी अक्कल आहे आपल्याला. पण रात्री लावली मॅच. हिशोब सोपा होता, मेट्स आणि रेड्स दोघांच्या ८३ मॅच जिंकून झालेल्या, टायब्रेकर रेड्सकडं कारण आपसातल्या सहापैकी चार त्यांनी जिंकलेल्या. मेट्स जिंकले आणि रेड्स हरले तरच आत. आणि रेड्स हरले हो! मिलवॉकीत ४-२ हरले, दार सताड उघडं. हरून पण तेच आत गेले, कारण हे पण हरले.

चौथ्या इनिंगला मार्लिन्सचे ४ रन. पाचव्याला मेट्सचे बेस लोडेड, म्हणजे तिन्ही बेसवर माणसं, पीट अलोंसो बॅटिंगला. त्यानं मारला तो असला कडक मारला की मी गादीवर उठून उभा राहिलो, आणि बॉल सरळ लेफ्ट फील्डरच्या ग्लोव्हमध्ये. दोन हात इकडं नाहीतर तिकडं गेला असता तर... जाऊ दे. नंतर काही झालंच नाही, शेवटी लिंडोरचा डबल प्ले, ४-०, संपलं. आमच्याच डिव्हिजनमधल्या फिलीजच्या (फिलाडेल्फिया) ९६ जिंकून झालेल्या, आम्ही १३ मॅच मागे, साडेपाच पुढं होतो त्या जागेवरनं.

मालक स्टीव्ह कोहेननं दुसऱ्या दिवशी फॅन्सची माफी मागितली, तुम्ही तुमचं काम केलं, आम्ही आमचं नाही केलं, असं. चला, मागितली तरी. ३० लाखांच्या वर लोक त्या सीझनला स्टेडियमला येऊन गेले, त्यांनी तिकिटं काढलेली. आमच्यासारखे पहाटे उठणारे त्यात धरलेले नाहीत. मग कोचेसना नारळ दिला, पिचिंग कोच गेला, बॅटिंगवाले गेले, मॅनेजर (म्हणजे हेड कोच) मेंडोझा मात्र राहिला. आता पिचिंग कोचनं काय करायचं होतं, दुकानातनं पिचर आणायचे का? ज्या माणसानं टीम जमवली ते डेव्हिड स्टर्न्ससाहेब जागेवरच राहिले.

त्यानंतर कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची गर्दी होती, आरसीबीवाला दोस्त पण गेलता, रस्त्यातनं फोन केला, म्हणला तुझ्या त्या टीमसाठी काय मागू का आईकडं? मी म्हणलं माग, दोन स्टार्टर माग, चांगले, सात इनिंग टाकणारे. तो म्हणला स्टार्टर म्हणजे काय बे, मंच्युरियन? मी फोन ठेवला.

पण खरंच तेवढंच पाहिजे होतं. दोन स्टार्टर, आणि अलोंसोला सोडायला नको होतं, तो सीझन संपताच बाहेर पडणार म्हणून बोलला होता. बाकी पैसे तुमचे आहेत, कुठं पण घाला.