चियांग माईत आठवडाभर, कमी खर्चात

उत्तर थायलंडमधल्या चियांग माईसाठी बहुतेक जण दोन दिवस ठेवतात आणि ते दोन्ही टूरच्या गाडीत बसून जातात. पैसे संपतात तेही तिथेच. मुळात हे शहर स्वस्त आहे, महाग असतात त्या टूर. एकाच ठिकाणी आठवडाभर मुक्काम ठेवला आणि दिवसाला एकच काम धरलं, तर डॉर्ममधला पलंग, जेवण आणि फिरणं मिळून दिवसाचे आठशे ते हजार बाथ पुरतात. एक बाथ म्हणजे साधारण अडीच-तीन रुपये.

जायचं ते नोव्हेंबर ते जानेवारीत. दिवाळी नोव्हेंबरात आली तर तिची सुट्टी यात चांगली बसते, फक्त लोय क्राथोंगच्या दोन-तीन दिवसांत खोल्यांचे भाव चढतात. हा सण बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच येतो आणि तिथेही दिवे पाण्यातच सोडतात, पिंग नदीच्या. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मात्र विमानाचं तिकीट कितीही स्वस्त मिळालं तरी जाऊ नका. त्या दिवसांत आसपासच्या डोंगरांतली शेतं आणि जंगलातला पालापाचोळा पेटवतात. शहर खोऱ्यात असल्यामुळे धूर तिथेच कोंडतो आणि डोळ्यांसमोरचा दोय सुथेप डोंगरही दिसेनासा होतो. दमा असलेल्यांनी तर विचारच करू नये.

व्हिसाचे नियम अलीकडे वारंवार बदलत आहेत, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं आहे. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारी साइट दिसली की ती बंद करा.

बँकॉकहून रात्रीच्या गाडीने जावं. एका रात्रीचं राहण्याचं भाडं वाचतं आणि झोपही होते. जुन्या माहितीत हुआ लाम्फोंग स्टेशनचं नाव सापडतं आणि लोक तिकडे जाऊन गाडी चुकवतात. जानेवारी २०२३ पासून उत्तरेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या क्रुंग थेप अफिवत या नव्या स्टेशनावरून सुटतात. सुवर्णभूमी विमानतळावरून एअरपोर्ट रेल लिंकने मक्कासानला उतरा, पादचारी पुलावरून फेचबुरीच्या मेट्रोत जा आणि ब्लू लाइनने बांग सू गाठा. वर आलात की तेच स्टेशन. डॉन मुआंगला उतरलात तर रेड लाइन थेट नेते. विमान उतरण्याची वेळ आणि गाडीची वेळ यांत निदान पाच तास ठेवा, कारण इमिग्रेशनची रांग सांगता येत नाही.

९ नंबरची स्पेशल एक्सप्रेस संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास सुटते आणि सकाळी सव्वासातच्या सुमारास पोहोचते. सेकंड क्लास एसी स्लीपरला साधारण हजार बाथ पडतात. बर्थ आपल्याकडच्या साइड बर्थसारखे, गाडीच्या लांबीला समांतर, पण दोन्ही बाजूंना. रात्री कर्मचारी येतो, समोरासमोरच्या सीट ओढून जुळवतो, त्यावर गादी टाकतो, चादर ताणून बसवतो आणि पडदा लावून पुढे जातो. खालचा बर्थ रुंद असतो, वरचा थोडा स्वस्त आणि अरुंद. एसी रात्रभर गार सोडतात, तेव्हा मोजे आणि शाल सॅकच्या तळाशी नको, हाताशी ठेवा. रेल्वेत दारूला बंदी आहे.

चियांग माई स्टेशन जुन्या शहरापासून तीनेक किलोमीटरवर आहे. बाहेर लाल सोंगथाव उभ्या असतात, म्हणजे मागे दोन बाकं टाकलेल्या पिकअप. आपल्याकडच्या वडापसारखंच काम. ड्रायव्हरला ठिकाण सांगा, भाडं आधी विचारा. शहरात माणशी तीसेक बाथ चालतं. आख्खी गाडी करायची का असं विचारलं तर नाही म्हणा, नाहीतर तेच अंतर दीडशेला पडतं.

मुक्काम जुन्या शहराभोवतीच्या खंदकाच्या आतल्या चौकोनातच हवा. १२९६ साली राजा मेंगराईने वसवलेलं हे शहर, बाजू जेमतेम दीड किलोमीटरची, त्यामुळे सगळं पायी होतं. डॉर्म दोनशे ते चारशे बाथ. पहिल्या दोन रात्रींपुरतंच ऑनलाइन ठरवा, पुढचं प्रत्यक्ष पाहून. था फे दरवाजाजवळ गोंगाट असतो, नैर्ऋत्येच्या नोंग बुआक हात बागेकडे शांतता. बागेत चटई भाड्याने मिळते आणि सकाळी योगासनांचे वर्गही भरतात. पिण्याचं पाणी रस्त्यावरच्या यंत्रातून लिटरला सुमारे एक बाथ, रिकामी बाटली जवळ असू द्या. एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाथ किंवा त्याहून जास्त घेतं, म्हणून थोडे थोडे काढू नका.

शाकाहारींसाठी दोन शब्द पुरतात. ‘मंगसविरत’ हा मूळचा आपलाच मांसविरती. यात अंडं आणि दूध चालतं. दुसरा ‘जे’. पिवळ्यावर लाल अक्षरं, इंग्रजी सतरासारखी दिसणारी पाटी. तिथे मांस, मासे, अंडं नाहीच, कांदा-लसूणही नाही, त्यामुळे जैन मंडळींना मोठा आधार. साध्या ठेल्यावर नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, कारण भाज्या परतताना नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस, सवयीने पडतो. ‘माय साय नाम प्ला’ म्हणजे तो घालू नका. करीच्या वाटणात मात्र कोळंबीची पेस्ट आधीच मिसळलेली असते, ती काढता येत नाही. खाव सोय हवं असेल तर ते ‘जे’ हॉटेलातच खा: नारळाच्या दुधातली पिवळी करी, आत मऊ नूडल्स, वर त्याच तळून कुरकुरीत केलेल्या, बाजूला आंबवलेला मोहरीचा पाला, छोटे कांदे (‘जे’ हॉटेलात ते नसतात) आणि लिंबाची फोड. लिंबू आधी पिळा, मग चाखा. वाटी साठ-ऐंशी बाथ.

दोय सुथेपला चालत जा. विद्यापीठामागे सुथेप रस्त्याच्या टोकाला भिक्षूंची जुनी पायवाट सुरू होते. झाडांना बांधलेली भगवी कापडं धरून चाललं की पाऊण तासात वात फा लात हे झऱ्याकाठचं मंदिर येतं. चढ झेपत नसेल तर इथूनच फिरा, निवांत बसायला वरच्यापेक्षा हीच जागा सरस आहे. पुढचा चढ दीड तासाचा आणि खडा, पावसानंतर निसरडा. चप्पल चालणार नाही. वर देवळाकडे नागांच्या कठड्याच्या ३०६ पायऱ्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उतरताना सोंगथाव मिळते, पण ती भरेपर्यंत थांबते; अंधार पडायच्या आत खाली या.

दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात, तो दिवस थाई मालिशचा. तासाला अडीचशे-तीनशे बाथ. ढगळ कपडे तेच देतात, तेल नसतं. कोपर, गुडघे आणि तळपाय यांनी दाबतात, ओढतात. बुद्धांचे वैद्य जीवक हे या विद्येचे आद्य गुरू मानले जातात आणि अनेक ठिकाणी त्यांची मूर्ती असते. जेवून लगेच जाऊ नका. दुखलं तर सोसत पडू नका, ‘बाव बाव’ म्हणा, म्हणजे हळू. रक्तदाब, गरोदरपण, पाठीचं ऑपरेशन हे आधीच सांगायला हवं.

स्कूटर घ्यायची तर आंतरराष्ट्रीय परवान्यात दुचाकीचा शिक्का हवाच. नसला तर नाक्यावर दंड होतो आणि अपघातात विमा हात वर करतो. ठेव म्हणून पासपोर्ट देऊ नका. गांजाची दुकानं दिसतील, पण त्यातलं काहीही सॅकमध्ये घालून भारतात आणणं हा गंभीर गुन्हा आहे. ई-सिगारेट तर तिथेच बेकायदा.

परतीचं तिकीट सोमवारचं काढा, म्हणजे रविवारचा राचदामनोएन रस्त्यावरचा बाजार चुकत नाही. पाचला जा, सातनंतर पाय ठेवायला जागा उरत नाही. खाण्याचे ठेले देवळांच्या आवारात असतात. सहाला राष्ट्रगीत लागतं आणि आख्खा रस्ता जागच्या जागी उभा राहतो. हातातली खाण्याची काडी खाली घ्या आणि तुम्हीही थांबा.