शब्दवही, नोंद बारावी: विंडोचा डोळा

मंडळी, इंग्रजीतल्या इमारतींच्या शब्दांची वही हळूहळू भरतेय. मागच्या खेपेचा 'अ‍ॅटिक' ग्रीसमधल्या अ‍ॅटिका प्रांतात नेऊन सोडला. यंदा म्हटलं, सोपा शब्द घेऊ, 'विंडो'. वही उघडली तर माझीच जुनी पेन्सिलीची नोंद: 'विंड + डोअर, वाऱ्याचं दार.' कुठेही न तपासता ठोकून दिलेली!

दार नाहीच त्यात, डोळा आहे. जुन्या नॉर्स भाषेतला, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या बोलीतला शब्द 'विंदाउगा'. 'विंदर' म्हणजे वारा, 'आउगा' म्हणजे डोळा. नवव्या शतकात डेन लोक इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला ठाण मांडून बसले, त्यांच्या बोलीतून तो आला. इंग्रजी लिखाणात मात्र तेराव्या शतकात दिसतो. काचेची चैन मोजक्यांनाच होती तेव्हा; खिडकी म्हणजे भिंतीतलं भोक, वारा आत घेणारं.

इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता 'एआगथिर्ल', डोळ्याचं भोक. तो मेला, पण त्यातला 'थिर्ल' अजून जिवंत आहे. कुठे? 'नॉस्ट्रिल'मध्ये! नाकाचं भोक. हे सापडलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि सांगायला घरात कुणी जागं नव्हतं.

लॅटिन 'फेनेस्त्रा'वरून आलेला 'फेनेस्टर'ही सोळाव्या शतकापर्यंत शर्यतीत होता. जर्मनांनी तो 'फेन्स्टर' म्हणून ठेवला, फ्रेंचांनी 'फनेत्र' म्हणून. इंग्रजीत तो 'डिफेनेस्ट्रेशन'मध्ये उरला. 1618 साली प्रागमध्ये सम्राटाच्या कारभाऱ्यांना किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकलं, तोच शब्द.

आता आपल्याकडचं. 'गवाक्ष' म्हणजे गाईबैलाचा डोळा. कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भागातली नालाच्या आकाराची भलीमोठी कमान, स्तूपावर उजेड सोडणारी, तिला चैत्यगवाक्ष म्हणतात. कल्पना तीच, पण 'विंदाउगा'शी थेट देवाणघेवाण नाही, म्हणून वहीत दोन्ही जोडणारा, उत्साहात काढलेला बाण खोडला. 'वातायन' म्हणजेही खिडकी, वाऱ्याची वाट; त्याचा बाण मात्र ठेवलाय, कारण 'वात' आणि 'विंड' खरोखरच एका मुळाचे.

पुढे 'बेलफ्री'. घंटाघर म्हणून त्यात 'बेल' असेल असं वाटतं, पण मूळ जुन्या फ्रेंचमध्ये तो वेढ्यात वापरायचा लाकडी बुरूज. घंटा मागून चिकटली. यावेळी आधी तपासलंय, मगच पेन उचललंय.