याकुशिमा: मुलं, सासूबाई आणि भरपूर पाऊस

जपानच्या दक्षिणेतल्या याकुशिमा बेटावर जायचं तर पाऊस चुकवायचा बेत करू नका. पावसातच फिरायचं असं धरून तयारी केली की सहल झकास होते. आम्ही तोक्योहून मेच्या अखेरीस गेलो, म्हणजे क्यूशू या मोठ्या बेटाच्या दक्षिण भागात पावसाळा सुरू होतो त्या सुमाराला. सासूबाई भारतातून आलेल्या होत्या आणि मुलांना रजा मिळाली ती तेव्हाच, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता.

बेट क्यूशूच्या दक्षिण टोकापासून साधारण ६० किलोमीटरवर. जवळजवळ गोल, ५०० चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि मधोमध मियानोउरा-दाके हे १,९३६ मीटरचं शिखर. कुरोशिओ या उष्ण सागरी प्रवाहावरून येणारी दमट हवा या डोंगरांना अडून वर चढते आणि तिथेच रिती होते. किनाऱ्यावर वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, डोंगरात ८,००० ते १०,०००. बेटाची जवळपास सगळी वीजही याच पाण्यावर. सासूबाई सावंतवाडीच्या, आंबोलीचा पाऊस बघत वाढलेल्या. पहिल्याच संध्याकाळी खिडकीशी उभ्या राहून त्यांनी विचारलं, "हे बघायला एवढं विमानाचं भाडं भरलंत?"

पोचायचं कसं? क्यूशूतल्या कागोशिमा बंदरातून जेटफॉइल ही वेगवान बोट साधारण दोन-तीन तासांत नेते, मोठी फेरी चार तास घेते. कागोशिमाहून छोटं विमानही आहे. जेटफॉइलमध्ये पट्टा बांधून बसावं लागतं, मुलं कंटाळतात. समुद्र बरा असेल तर मला फेरीच आवडेल: डेकवर फिरता येतं, निघताना साकुराजिमा ज्वालामुखी दिसतो आणि भाडंही कमी. लाटा वाढल्या की जेटफॉइल रद्द होते, वारा किंवा ढग असले तर विमानही. त्यामुळे परतीच्याच दिवशी कागोशिमाहून पुढचं विमान धरू नका. मध्ये एक रात्र ठेवा.

गाडी भाड्याने घ्याच. बस आहे, पण विरळ. भारतातून येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून आणावा. बेटाला वळसा घालणारा रस्ता साधारण १०० किलोमीटरचा, पण पश्चिमेचा जंगलातला तुकडा एकच गाडी जाईल एवढा अरुंद, वळणावळणाचा आणि रात्री बंद. तिथे माकडं रस्त्याच्या मधोमध एकमेकांच्या उवा काढत बसलेली असतात आणि हॉर्नला अजिबात भीक घालत नाहीत. काचा वर ठेवा, खाऊ दाखवू नका. पेट्रोल आधीच भरून घ्या.

आता पावसाची तयारी. छत्री गावात ठीक, जंगलात कुचकामी. वर जाकीट आणि खाली पँट असा दोन भागांचा चांगला रेनकोट आणि घोट्यापर्यंतचे बूट लागतात. विकत घ्यायची गरज नाही. मियानोउरा आणि आनबो या दोन्ही गावांत हे सगळं भाड्याने मिळतं, मुलांच्या मापाचंही. आपला नेहमीचा पोंचो वाऱ्यात डोक्यावर येतो. सुती कपडे नकोत, जीन्स तर नकोच, ओली झाली की वाळत नाही. बुटांत रात्री वर्तमानपत्र कोंबून ठेवा. आमच्या मिनशुकूच्या, म्हणजे घरगुती लॉजच्या, आजींनी न सांगताच गठ्ठा आणून दिला.

बेटाची खरी दौलत म्हणजे सुगीची झाडं, सुगी म्हणजे जपानी सीडर. हजार वर्षांच्या वरच्या झाडालाच इथे याकुसुगी म्हणतात, बाकीची सगळी लहान! खाली ग्रॅनाइट, वर मातीचा पातळ थर, त्यामुळे झाड फार हळू वाढतं, लाकूड दाट आणि राळेने भरलेलं होतं, आणि एवढ्या पाण्यातही कुजत नाही. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) इथले लोक दक्षिण क्यूशूवर राज्य करणाऱ्या सात्सुमाच्या सरदारांना कराच्या रूपात छपराच्या लाकडी फळ्या देत. त्या चिरायला सरळ खोड लागायचं. वाकडीतिकडी, गाठाळलेली झाडं कुणाला नको होती, म्हणून ती आज उभी आहेत. माझ्या मुलीला ही गोष्ट फार पटली.

सगळ्यांना जोमोन सुगी हे प्रसिद्ध झाड बघायचं असतं. उंची २५.३ मीटर, घेर १६.४, वयाचे अंदाज २,००० पासून ७,००० वर्षांपर्यंत. पण जाऊन-येऊन २२ किलोमीटर, दहा तास, पहाटेची बस, त्यातला बराच रस्ता लाकडं वाहणाऱ्या जुन्या रेल्वेच्या रुळांतून. प्राथमिक शाळेतल्या मुलांना नेऊ नका, कितीही ब्लॉग "आमच्या मुलाने केलं" म्हणोत. आमच्याकडून नवरा एकटा गाइडबरोबर गेला. मार्च ते नोव्हेंबर खाजगी गाड्या वर सोडत नाहीत. याकुसुगी संग्रहालयापासून बस, तिकीट आदल्या दिवशीच काढलेलं बरं. आम्ही उरलेल्यांनी ते संग्रहालय पाहिलं. जोमोन सुगीची २००५ मध्ये बर्फाच्या भाराने तुटलेली फांदी तिथे ठेवली आहे. फांदी म्हणायची, पण आपल्याकडच्या चांगल्या मोठ्या झाडाएवढी.

मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर याकुसुगी लँड. नाव थीम पार्कसारखं आहे, जागा तशी नाही. ३० आणि ५० मिनिटांच्या वाटांवर बहुतेक लाकडी फळ्या आणि पायऱ्या आहेत, वर छोटा झुलता पूल. फळ्या निसरड्या, कठडा सोडू नका. त्याच रस्त्याने गाडी थोडी पुढे नेली की किगेन सुगी. अंदाजे ३,००० वर्षांचं झाड, अगदी रस्त्याकडेला. सासूबाईंनी गाडीतून उतरून त्याला नमस्कार केला आणि पाऊस तात्पुरता माफ केला.

शिरातानी उन्सुइक्यो ही जंगलातली दरी मात्र चुकवू नका. दगड, मुळं, ओंडके, सगळ्यावर शेवाळाचा थर, आणि त्या हिरव्यात इतक्या छटा की फोटोत निम्म्याही येत नाहीत. हे जंगल कोरड्या दिवशी बघणाऱ्यांची मला खरंच दया येते. पण आत ओढे पायी ओलांडावे लागतात. जोरदार पावसात पाणी चढलं की पुढची वाट बंद करतात, तेव्हा निमूट मागे फिरा. जुन्या नकाशांत दिसणारं यायोई सुगी आता उभं नाही. ऑगस्ट २०२४ च्या वादळात मोडून पडलं. इथे आणि याकुसुगी लँडला, दोन्ही ठिकाणी मोठ्यांना ५०० येन देखभाल निधी भरावा लागतो. सुटे येन ठेवा.

एक युक्ती: उत्तरेला धो-धो पडत असताना दक्षिणेला ऊन असू शकतं. आमचा एक अख्खा दिवस तसाच वाचला. दक्षिण-पश्चिमेला ओको धबधबा आहे, ८८ मीटरचा, अगदी पायथ्याशी जाता येतं. पावसानंतर तुषारांनीच भिजायला होतं. हिराउची गावात समुद्रातच गरम पाण्याचं कुंड आहे, ओहोटीच्या आगेमागे सुमारे दोन तासच उघडं पडतं. वेळापत्रक बघून जा आणि एक गोष्ट माहीत असू द्या: स्त्री-पुरुष एकत्र, स्विमसूट चालत नाही, आडोसाही नाही. आम्ही लांबून बघून परत आलो!

जेवणाचं शाकाहाऱ्यांनी मनावर घ्यावं. इथे मॅकरेल सुकवून करतात ते साबाबुशी प्रसिद्ध आहे आणि ते रस्सा, सूप, भाजी, सगळ्यात असतं. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ. पंखांसकट तळलेला उडणारा मासा मुलाने हाडांसह संपवला. सासूबाईंसाठी आम्ही स्वयंपाकघर असलेलं घर एका रात्रीपुरतं घेतलं होतं. पुन्हा गेलो तर सगळ्या रात्री तसंच घेईन. मेतकूट, पोहे, लोणचं तोक्योहून न्या. मोठ्या साखळ्यांची चोवीस तास उघडी दुकानं बेटावर नाहीत आणि सुपरमार्केट लवकर बंद होतात. डोंगरावर जाणाऱ्यांना पहाटे बेंतो (जेवणाचा डबा) मिळतो, पण आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावा लागतो.

किमान तीन रात्री तरी द्या. गोल्डन वीकमध्ये, म्हणजे एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या सुट्ट्यांत, जागा मिळत नाही, ऑगस्ट-सप्टेंबरात वादळांचा धोका. मे ते जुलै नागाताच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालायला येतात. रात्री किनाऱ्यावर मनाने उतरू नका, तिथले नियम आधी विचारा. आणि बोटीच्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या कंपनीच्या संकेतस्थळावर बोट सुटणार आहे का ते बघा, मगच गाडी परत करायला निघा.