पडवीतली तीन पिंपे

सावंतवाडीपासून उत्तर गोव्यापर्यंतच्या पट्ट्यात हॉटेलांची सोडायंत्रे, बारमधले बीअरचे नळ आणि त्यांना लागणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या जोडण्या दुरुस्त करण्याचे काम मी गेली २१ वर्षे करतो आहे. सिलिंडर, रेग्युलेटर आणि पोलादी पिंपे रोज हाताखालून जातात. इतक्या वर्षांत पिंप फुटलेले मी एकदाच पाहिले, आणि तेही एखाद्या बारमध्ये नव्हे, तर शिरोड्याजवळच्या एका वाडीत, चिऱ्याच्या जुन्या घराच्या पडवीत.

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. दुपारी एकच्या सुमारास फोन वाजला. पलीकडे त्या घरच्या काकू होत्या. "मिस्त्रीनू, बेगीन येवा. एक पिंप फुटला, नि दोन फुगली आसत." कोणाला लागले का, असे मी आधी विचारले. सगळे मागच्या पडवीत जेवायला बसलेले असल्यामुळे कोणालाही काही झाले नव्हते. पुढच्या पडवीत कोणी पाऊल टाकायचे नाही, पिंपे हलवायची नाहीत आणि त्यांच्या तोंडाला हात लावायचा नाही, एवढे बजावून मी गाडी काढली. मळेवाड, आजगाव करत शिरोड्याला पोहोचायला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात मला जानेवारीतली भेट पुन्हा पुन्हा आठवत होती, कारण त्या पिंपांच्या तोंडाला गॅसची आणि पेयाची नळी जोडणारा कपलर काकांना मीच दिला होता.

काका उमेदीच्या काळात इंग्लंडमध्ये नोकरीला होते आणि तिथे त्यांनी तीसेक वर्षे हौसेने घरी बीअर बनवली. तिकडे १९६३ पासून घरच्या वापरापुरती बीअर बनवायला परवाना लागत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू असल्यामुळे परवान्याशिवाय ते जमत नाही, हे काकांना पक्के ठाऊक होते. तसे नसते, तर मीही त्यांच्या घराची पायरी चढलो नसतो, कारण माझा धंदाच अबकारी खात्याच्या नजरेसमोरचा आहे. म्हणून गावी परतल्यावर त्यांनी हौस आल्या-लिंबाच्या आणि कोकमाच्या सोड्यावर भागवायचे ठरवले. गोव्यातल्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी २० लिटरची तीन प्लास्टिकची पिंपे प्रत्येकी दीडशे रुपयांना आणली आणि त्यांना गॅस जोडून देण्यासाठी मला बोलावले.

ही पिंपे एकदाच वापरण्यासाठी बनवलेली असतात. पाण्याच्या बाटलीचेच पेट प्लास्टिक फुगवून त्यांचे अंग तयार करतात, गळ्यात झडप बसवतात आणि झडपेपासून तळापर्यंत एक नळी सोडतात. ५० लिटरचे रिकामे पोलादी पिंप दहा-बारा किलो भरते, तर ही पिंपे दोन किलोंच्या आतली असतात. लांबच्या बाजारपेठेतून रिकामे पिंप परत आणण्याचा खर्च वाचावा, हाच त्यांचा उद्देश असतो. बीअर संपली की दाब सोडायचा, पिंप चेपायचे आणि भंगारात द्यायचे, असा त्यांचा आयुष्यक्रम. घरी पेय बनवणाऱ्या हौशी लोकांना मात्र चेपण्याच्या आधीचे पिंप हवे असते, आणि त्यात चूक काही नाही. काका इंग्लंडमध्ये हेच करत आले होते. झडप अडकवून ठेवणारी कडी कशी काढायची, काढण्याआधी सगळा दाब कसा सोडायचा, रबरी वायसर कधी बदलायचे, हे त्यांनी मला इतके नीट करून दाखवले की तिथे शिकणारा मीच होतो.

धुण्याविषयी मात्र मी त्यांना बजावले होते. पोलादी पिंपे ब्रुअरीत गरम कॉस्टिकने धुतात, आणि ती पद्धत इथे चालत नाही. पेट साधारण सत्तर-पंचाहत्तर अंशांना मऊ पडू लागते आणि कॉस्टिक सोडा त्याचा पृष्ठभागच खातो. म्हणून थंड किंवा जेमतेम कोमट पाणी घ्यायचे, त्यात कपडे धुण्याच्या ऑक्सिजनवाल्या पावडरीतले सोडियम परकार्बोनेट घालायचे, रात्रभर ठेवायचे आणि तीन वेळा खंगाळायचे. काकांनी हे सगळे वहीत लिहून घेतले. मी कपलर दिला, एक बारवर (बार हे दाब मोजायचे एकक) लावलेला रेग्युलेटर दिला, कोकमाचा सोडा चाखला आणि निघालो. पिंपात काय भरणार, हे मी विचारले होते. भरताना ते जिवंत असेल का, हे विचारले नव्हते.

वाडीत पोहोचलो तेव्हा खळ्यात शेजारची दहा-बारा माणसे उभी होती आणि आल्याचा वास थेट गडग्यापर्यंत आला होता. पडवीच्या छपराची सात-आठ कौले उडाली होती. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पिवळट डाग पसरला होता आणि प्लास्टिकचे पातळ, धारदार तुकडे तुळशीपर्यंत जाऊन पडले होते. राहिलेली दोन पिंपे कमरेइतक्या चिरेबंदी कठड्याच्या आत भिंतीला टेकून उभी होती. त्यांचे तळ मुळात आत वळलेले असतात. ते आता बाहेर आले होते, आणि त्यामुळे एक पिंप किंचित तिरके होऊन डुगडुगत होते.

काका खुर्चीवर बसून होते. मी विचारण्याआधीच त्यांनी सगळे सांगून टाकले. नातवाची मुंज होती, पन्नास-साठ माणसे येणार होती. गॅस भरून सोडा करण्याऐवजी इंग्लंडमध्ये करत तसे विरजणाचे आल्याचे पाणी करावे, असे त्यांच्या मनात आले. आले, साखर आणि पाणी बरणीत चार-पाच दिवस ठेवून फसफसते विरजण तयार केले, लिटरला ८० ग्रॅम साखरेचे आल्या-लिंबाचे सरबत केले, त्यात ते मिसळले आणि तिन्ही पिंपे भरली. दुसऱ्या दिवशी ती आइसक्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये जायची होती. फ्रीझर दोन दिवस उशिरा येणार असे कळले, तेव्हा पिंपे पडवीत सावलीला ठेवली.

"तिकडे मी आठवडाभर गॅरेजमध्ये ठेवत असे. कधी काही झाले नाही," काका म्हणाले.

तिकडचे गॅरेज बारा अंशांचे आणि आमची पडवी चौतीस अंशांची, हे मी त्यांना त्या वेळी सांगितले नाही. पण सगळी गोष्ट तिथेच होती. काकांच्या हाताला सवय तिकडची होती आणि हवा इकडची. बीअर पिंपात भरण्याआधी ती पूर्ण आंबून शांत झालेली असते. द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचे आकडे दोन-तीन दिवस हलेनासे झाले, म्हणजे यीस्टला खाण्यासारखी साखर उरलेली नाही असे समजायचे आणि मगच भरायचे. आल्याच्या पाण्यात साखरही असते आणि तिला खाणारे यीस्टही. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की त्या द्रवाच्या आकारमानाइतका वायू तयार होतो. बीअरमध्ये असा वायू साधारण अडीच पट असतो. ८० ग्रॅममधून तो वीस पट होऊ शकतो, आणि वीस पट वायू अडवून धरणारे प्लास्टिकचे पिंप मी तरी पाहिलेले नाही.

त्यात तापमानाची भर. अडीच पट वायू असलेली बीअर फ्रिजमध्ये चार अंशांना पिंपावर जेमतेम पाऊण-एक बार दाब देते. तीच तीस अंशांना अडीच बारच्या वर जाते. वायू तेवढाच असतो, फक्त थंड द्रवात तो विरघळून राहतो आणि गरम द्रवातून बाहेर येतो. म्हणून या पिंपांच्या बाबतीत पहिला उपाय पान्याचा नसून बर्फाचा होता.

शिरोड्याच्या बाजारात मासळीवाल्यांकडे चौकशी केली, आणि वेंगुर्ल्याहून निघालेला एक टेम्पो सहा लाद्या देऊन गेला. तोवर कठड्याच्या बाहेर बसून आम्ही विहिरीच्या पंपाचे पाणी नळीने पिंपांवर सोडत राहिलो. बर्फ आला तेव्हा लाद्या फोडून गोणपाटात बांधल्या आणि दोन लांब बांबूंनी त्या गोण्या ढकलत पिंपांच्या भोवती नेल्या. पुढचे तीन तास मी कोणालाही जवळ जाऊ दिले नाही. एक तरुण पुतण्या सुईने एक भोक पाडून मोकळे होऊ या, असे वारंवार सुचवत होता. त्याला मी एप्रिल २०१२ मधली गोष्ट सांगितली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथ इथल्या ब्रुअरीत पोलादी पिंपांच्या गर्दीत एक प्लास्टिकचे पिंप मिसळले. ते साफ करताना त्यात दाबाची हवा भरली गेली, पिंप फुटले आणि २६ वर्षांचा कामगार त्यात गेला. आमच्या धंद्यात ही घटना नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतात. पुतण्या गप्प झाला आणि नळी धरून बसला.

साडेपाचला मी हेल्मेट घातले, पावसाळी रेक्झिनचे जाकीट घातले, न्हाणीघराचे फळ्यांचे दार काढून पिंप आणि माझ्यामध्ये धरायला दोघांना दिले आणि आत गेलो. कपलरच्या गॅसच्या बाजूला वायू उलटा येऊ नये म्हणून एक छोटी रबरी झडप असते. ती आधीच काढून टाकली होती, कारण आता वायू उलटाच यायला हवा होता. त्या तोंडाला सहा मीटर नळी, नळीच्या टोकाला दाब दाखवणारे गेज आणि बंद केलेली तोटी. कपलर फिरवून बसवला, हँडल खाली दाबले आणि कठड्याबाहेर आलो. गेजचा काटा २.४ बारवर थांबला. द्रव तेव्हा दहा अंशांच्या आसपास असावा. म्हणजे तेच पाणी दुपारच्या उन्हात पाच बारच्या जवळ गेलेले असणार, आणि पिंपावर छापलेली मर्यादा साडेतीनची होती. तोटी केसाएवढी उघडली. आधी वायू, मग फेस, मग पुन्हा वायू. घाई केली असती तर सगळे पिंपच फेसाने नळीत शिरले असते. ४० मिनिटांनी काटा शून्यावर आला, तळ आत गेला आणि पिंप दाबल्यावर साध्या बाटलीसारखे कुरकुरले.

दुसऱ्या पिंपाला कपलर लावून बाहेर आलो, तर काटा शून्यावरून हललाच नाही.

त्या क्षणी मला खरी भीती वाटली. खळ्यातल्या माणसांनी सुटकेचा श्वास सोडला, काका उठून उभे राहिले, आणि मी सगळ्यांना ओरडून पुन्हा मागे पाठवले. कारण तळ अजून बाहेर होता आणि बांबूने टोचल्यावर पिंप दगडासारखे लागत होते. गेज खोटे बोलत नव्हते. त्याच्यापर्यंत दाब पोहोचतच नव्हता. झडपेच्या वायूवाटेत काहीतरी अडकले होते. त्याच झडपेत जादा दाब आपोआप सुटण्याची बारीक वाटही असते, आणि पाच बारला जी उघडायला हवी होती ती का उघडली नाही, याचे उत्तर मला तेव्हाच मिळाले. काकूंनी किसलेल्या आल्याचे सरबत साध्या गाळणीने गाळले होते. आल्याच्या दोऱ्या काय करतात, हे रसवंतीचे यंत्र उघडणाऱ्याला सांगावे लागत नाही.

वायू बाहेर येत नसेल तर पाणी बाहेर काढायचे, एवढा एकच मार्ग उरला. हँडल वर केले, कपलरच्या बीअरच्या तोंडाला जाड नळी लावली, तिचे टोक माडाच्या आळ्यात बांधून टाकले आणि हँडल पुन्हा दाबले. तळापर्यंत गेलेल्या नळीतून पेय आपल्याच दाबाने वर चढले आणि फुत्कारत आळ्यात पडू लागले. मध्ये दोनदा थबकले, दोनदा पुन्हा सुटले. २० लिटर जायला अर्धा तास लागला. त्यात मद्यार्क एक टक्क्याच्या आसपास तरी उतरला असणार, त्यामुळे ते मुंजीच्या पंगतीऐवजी माडाला गेले हे एका परीने बरेच झाले. शेवटी नळी नुसता वारा सोडू लागली, तेव्हा काकूंनी पहिल्यांदा चहा टाकला.

चहा पिताना त्या हळूच म्हणाल्या, "एक पिंप मियां ऊनऊन पाण्यान धुतलंय. चिकट लागत होता." कोणते, ते त्यांना आठवत नव्हते. मी टॉर्च घेऊन खळ्यातले तुकडे गोळा केले. फुटलेल्या पिंपाच्या तळाचा जाड भाग काचेसारखा पारदर्शक असायला हवा होता. तो दुधाळ झालेला होता आणि कडेला आकसलेला होता. वाचलेल्या दोन्ही पिंपांचे तळ स्वच्छ होते. कारणे अशी दोन झाली होती. पण फुटलेल्या पिंपाची झडप कुठेच सापडली नाही, त्यामुळे तिथेही वाट तुंबली होती की नुसता मऊ पडलेला तळ गेला, हे त्या रात्री ठरवता आले नाही. दोन्ही पिंपे करवतीने आडवी कापली, कपलर काढून घेतला आणि घरी आलो. काकांनी मजुरी देऊ केली. मी बर्फाचे तेवढे पैसे घेतले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काकांचा फोन आला. पावसाआधी घर शाकारायला आलेल्या माणसाला वाशाच्या बेचक्यात नळीसकट झडप अडकलेली सापडली होती. काकांनी ती स्वतः उघडून पाहिली होती. दाब सोडणाऱ्या बारीक वाटेत वाळून दोऱ्यासारखा कडक झालेला आल्याचा बोळा होता, आणि तो त्यांनी माझ्यासाठी आगपेटीत घालून ठेवला होता.