पुलीवरचा पंखा: दोन टबांच्या वॉशिंग मशीनची वॉश मोटर, नोंद चौथी

मागच्या तीन नोंदी स्पिनच्या बाजूच्या होत्या: ब्रेक, बेलो आणि एक हट्टी कपलिंग. ती बाजू आता शहाण्यासारखी वागते. या वेळी धुण्याच्या बाजूची मोटर.

तक्रार साधी आहे. पहिला घाणा नीट होतो, दुसरा होतो, आणि तिसऱ्यात अकरा-बारा मिनिटांनी मोटर गप्प. टायमर टिकटिकत राहतो, पल्सेटर (टबातलं पाणी घुसळणारं चाक) जागचा हलत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. वाइंडिंगमध्ये (मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांत) बसवलेला थर्मल कटआउट, म्हणजे फार तापल्यावर वीज तोडणारी कळ, उडतोय, हे उघड होतं. काही जण तो कटआउट सरळ काढून तारा जोडतात. तसं करू नका. तो मोटरचा शत्रू नव्हे, ओरडून सांगणारा एकटा साक्षीदार आहे.

आधी तापमान मोजायचं कसं

बाहेरून इन्फ्रारेड थर्मामीटर लावला तर बॉडीचं तापमान कळतं, आतल्या तारेचं नाही. शिवाय चकचकीत ॲल्युमिनियमवर ते उपकरण सर्रास कमी आकडा दाखवतं. म्हणून वाइंडिंगचाच थर्मामीटर केला. तार तापली की तिचा रोध वाढतो, आणि किती वाढतो ते ठरलेलं असतं. थंड असताना रोध आणि खोलीचं तापमान लिहून ठेवायचं, गरम झाल्यावर पुन्हा रोध घ्यायचा. गरम रोधाला थंड रोधाने भागायचं, त्याला (२३५ अधिक थंड तापमान) याने गुणायचं, त्यातून २३५ वजा करायचे. (२३५ हा तांब्याच्या तारेचा आकडा.) आलेला आकडा म्हणजे वाइंडिंगचं सरासरी तापमान, अंश सेल्सिअसमध्ये.

दोन गोष्टी सांभाळा. प्लग काढून, कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करून आणि टायमरकडे जाणाऱ्या तारा सोडवूनच मीटर लावायचा. आणि मोटर थांबल्या क्षणापासून तार थंड होऊ लागते, त्यामुळे एकच वाचन घेऊन भागत नाही. मी दर १५ सेकंदांनी दोन मिनिटं वाचनं घेतो, आलेखावर टाकतो आणि रेघ मागे शून्य सेकंदापर्यंत ओढतो.

थंड: २८ अंशांना ३०.० ओहम. कटआउट उडाला तेव्हा: ४१.१ ओहम. हिशेब केला, १२५ अंश. मोटरच्या पट्टीवर इन्सुलेशन 'क्लास बी' लिहिलंय, म्हणजे मर्यादा १३० ची. सरासरी १२५ असेल तर वाइंडिंगच्या टोकाला, जिथे कटआउट बांधलेला असतो, तिथे १३० च्या वर गेलेलं असणारच. कटआउट निर्दोष!

इथे माझी एक फजिती झाली. दोन दिवसांनी मोटर उघडली तेव्हा तारेच्या टोकाशी एनॅमल थोडं खरवडलं, तर खालून तांबूस नव्हे, पांढरा धातू निघाला. वाइंडिंग ॲल्युमिनियमचं. म्हणजे सूत्रात २३५ ऐवजी २२५ घ्यायला हवे होते. पुन्हा हिशेब: १२२ अंश. फरक साडेतीन-पावणेचार अंशांचा, निष्कर्ष तोच. पण खालचे सगळे आकडे २२५ धरून आहेत, कुणी पडताळणार असेल तर ध्यानात ठेवा.

कपॅसिटर: अर्धा गुन्हेगार

आपण सगळेच पहिला संशय कपॅसिटरवर घेतो. मीही घेतला. लिहिलेले १० मायक्रोफॅरड, भरले ७.४.

या मोटरची रचना जाता जाता सांगतो, कारण पुढे तिचा संबंध येतो. वॉश मोटर दोन्ही दिशांना फिरते, त्यामुळे तिची दोन्ही वाइंडिंग एकसारखी असतात. टायमर वीज एकदा या वाइंडिंगला थेट देतो आणि दुसऱ्याला कपॅसिटरमधून, पुढच्या खेपेला उलट. कपॅसिटर कायम परिपथात असतो. तो आटला की टॉर्क (फिरवण्याचा जोर) घटतो, मोटर वेग सोडते, स्लिप वाढते, म्हणजे रोटर (मोटरचा फिरणारा भाग) फिरत्या चुंबकक्षेत्राच्या अधिक मागे पडतो. चार पोलांच्या मोटरचा ५० हर्ट्झवरचा सिंक्रोनस वेग, म्हणजे त्या क्षेत्राचा वेग, मिनिटाला १५०० फेरे. ती १३५० वर चालली तर स्लिप १० टक्के, आणि हवेच्या फटीतून रोटरला मिळालेल्या शक्तीतले तेवढेच १० टक्के रोटरच्या सळ्यांत उष्णता होऊन बसतात. १२०० वर आली तर २० टक्के.

नवा कपॅसिटर टाकला. तिसऱ्या घाण्याअखेर ३९.९ ओहम, १११ अंश. कटआउट उडाला नाही. इथे थांबणारा थांबला असता. पण २८ अंशांच्या खोलीत १११ म्हणजे उन्हाळ्यात पुन्हा तेच रडगाणं. आणि मला खटकत होतं वेगळंच: एवढी गरम मोटर, आणि मशीनच्या तळाशी हात धरला तर वारा नाही. अजिबात नाही.

पुली

मशीन आडवं केलं. दुरुस्तीत कधीतरी मोटरची पुली बदललेली निघाली. त्या जागी ॲल्युमिनियमची साधी, देखणी, पंखा नसलेली पुली. या जातीच्या मशीनमध्ये मोटरचा पंखा बहुधा मोटरच्या आत नसतो, तो पुलीचाच भाग असतो: प्लास्टिकची चकती, तिला उभी पाती, मधोमध बेल्टची खाच. पुली बदलणाऱ्याने बेल्ट बसतो एवढं पाहिलं आणि मोटरचं नाक दाबून टाकलं.

व्हर्निअरने मोजलं तर दुसरी चूकही सापडली. नवी पुली ६० मिलिमीटरची. मोठ्या पुलीच्या बाजूला टोचलेला तक्ता आणि गिअरबॉक्सचं गुणोत्तर धरून उलटा हिशेब केला तर मूळची ५२ ची असावी. ८ मिलिमीटरने काय होतंय, असं वाटेल. पल्सेटरवर खडूची खूण करून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये फेरे मोजले: मिनिटाला १४५. जुन्या ५२ च्या पुलीवर (एका भंगार मशीनची मिळाली, पंखा मोडलेला) १३०. वेग साडेअकरा टक्क्यांनी जास्त. पण पाणी घुसळणाऱ्या चाकाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १४५ भागिले १३०, त्याचा घन काढा: १.३९. कपडे भरलेल्या टबात हे तंतोतंत लागू होत नाही, पण वीज मीटरने फार वेगळं सांगितलं नाही: ४२० वॅटवरून ३३५ वॅट. कपडे अधिक स्वच्छ निघत होते का? मला तरी फरक दिसला नाही. गुंता मात्र नक्कीच जास्त होत होता.

लहान पुली, पंखा नाही, नवा कपॅसिटर: ३७.८ ओहम, ९४ अंश. म्हणजे वाऱ्याची एक झुळूकही न देता, फक्त ड्राइव्हचं गुणोत्तर जागेवर आणून १७ अंश उतरले. पंखा हे थंड करण्याचं काम आणि पुली हे गती देण्याचं, अशी माझ्या डोक्यात वाटणी होती. या मशीनमध्ये ती वाटणी चालत नाही. एकाच प्लास्टिकच्या तुकड्यावर दोन्ही गोष्टी ठरतात.

बेल्टचा ताणही याच वेळी पाहिला. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर साधारण १० मिलिमीटर दबावा एवढा ठेवला. जास्त ओढला की बुश तापतात, कमी ओढला की बेल्ट घसरून जळका वास. तापमानात फरक मोजण्याइतका आला नाही.

पंखा, तीन खेपा

तयार पुली-पंखा या मापाचा मिळेना, म्हणून थ्रीडी प्रिंटरवर.

पहिली खेप: संगणकातल्या पंख्यासारखी, पिळदार सात पाती. दिसायला झकास. मोटरच्या खिडकीसमोर पातळ कागदाची पट्टी धरली. मोटर एका दिशेला फिरली, पट्टी आत ओढली गेली. पंचवीस सेकंदांनी उलटी फिरली, पट्टी बाहेर फडफडली. अर्थात! पिळदार पात्यांचा पंखा उलटा फिरला की वाराही उलटतो. मोटरमधून बाहेर पडलेली गरम हवा परत तिच्याच तोंडात. एकाच दिशेला फिरणाऱ्या स्पिन मोटरला असा पंखा चालेल, वॉश मोटरला नाही. मूळ पंख्यांची पाती सरळ, केंद्रातून बाहेर जाणारी का असतात, हे मला इतकी वर्षं मशीनं उघडूनही सुचलं नव्हतं. सरळ पाती कुठल्याही दिशेला फिरोत, हवा मधून ओढतात आणि कडेने फेकतात. कार्यक्षमता कमी, पण दोन्हीकडे सारखी.

दुसरी खेप: ११० मिलिमीटर व्यास, १२ सरळ पाती, पीएलए हे प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक. वारा दोन्ही दिशांना उत्तम. दुसऱ्या घाण्यात खडखडाट. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं हे मला पाठ होतं, तरी 'पंखा तर वाऱ्यातच आहे' म्हणून रेटलं. पण पंख्याचा मध्य शाफ्टला चिकटलेला, आणि शाफ्ट म्हणजे रोटरची उष्णता बाहेर येण्याचा राजमार्ग. मधलं भोक सैल झालं, पंखा तिरका झाला आणि वायरच्या बंधाला घासू लागला. बंध तुटला. वायर वाचली, हे नशीब.

तिसरी खेप: तोच आराखडा, एबीएसमध्ये (जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक), आणि शाफ्टला न धरता पुलीच्या तोंडावर तीन स्क्रूंनी. पात्यांच्या टोकांपासून जवळच्या वायरपर्यंत १५ मिलिमीटर मोकळे ठेवले. दोरीवर टांगून जड बाजू शोधली आणि तिथे दोन भोकं पाडून तोल साधला. ३६.० ओहम, ७९ अंश.

फोम

हे लिहायला जरा लाज वाटते. दोन वर्षांपूर्वी आवाज कमी करायचा म्हणून मागच्या झाकणाच्या आतून मीच फोम चिकटवला होता. झाकणावरच्या झरोक्यांच्या दोन ओळी त्याखाली गेल्या. वारा आतल्या आत गोल फिरत होता. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. फोम सोलून काढला, तळाच्या जाळीतला तंतूंचा थर ब्रशने झाडला. ३५.५ ओहम, ७४ अंश.

आवाज वाढला, हे खरं आहे. राहू दे.

हलक्या धुण्याचं कोडं

आता मजेचा भाग. जोरकस धुण्यात या टायमरचा क्रम २५ सेकंद चालू, ५ बंद. हलक्यात ४ चालू, ८ बंद. म्हणजे हलक्यात मोटर चालण्याचा वेळ जोरकसच्या ४० टक्केच. खोलीपेक्षा तापमान जोरकसमध्ये ४६ अंशांनी चढलं होतं, म्हणून हलक्यात १८-१९ ने चढावं अशी माझी अटकळ. मोजलं: ३३.६ ओहम, ५८ अंश. म्हणजे ३० ने चढलं. अपेक्षेच्या दीडपटीहून जास्त.

दोन कारणं मला पटतात. एक, सुरुवाती. जोरकसमध्ये मिनिटाला दोन, हलक्यात पाच. उभ्या मोटरला वेगात आणताना फिरणाऱ्या भागांना जेवढी गतिज ऊर्जा मिळते, निदान तेवढीच रोटरमध्ये उष्णता होते. हे इंडक्शन मोटरचं मूलभूत गणित आहे, भार असेल तर वर आणखी. मोटर उलट दिशेला पूर्ण वेगात असताना वीज दिली तर ती उष्णता चौपट होते. पाण्यात पल्सेटर एका सेकंदात थांबतो, म्हणून मधली विश्रांती पुरते. टायमरचे संपर्क झिजून ती विश्रांती आखूड झाली असेल तर आधी टायमर बघा, मोटर नंतर.

दुसरं कारण पुन्हा पंख्याचंच. मोटर थांबली की पंखाही थांबतो. त्या आठ सेकंदांना आपण विश्रांती म्हणतो, पण आतली उष्णता तेव्हा नुसती साचून बसलेली असते.

ज्या मशीनमध्ये ड्रमच्या अक्षावरच थेट मोटर बसते (फिशर अँड पायकेल या न्यूझीलंडच्या कंपनीने १९९१ मध्ये ही वाट रुळवली), तिथे हा प्रश्न निराळा होतो. कंट्रोलर प्रवाह हळूहळू चढवतो, स्लिप नावाची गोष्टच नाही, बेल्ट नाही. पण ड्रमच्या वेगाने फिरणारा रोटर धुताना वारा जवळजवळ घालतच नाही, तिथे कमी उष्णता निर्माण करणं हेच थंड ठेवणं. २००० साली आलेल्या डायसनच्या कॉन्ट्रारोटेटरमध्ये तर एका अक्षावर दोन ड्रम उलट दिशांना फिरायचे. तसलं एखादं उघडायला मिळालं तर मी जेवण विसरेन.

स्पिनचं एक वाक्य

एकाच दिशेची, शाफ्टला थेट जोडलेली, जेमतेम पाच मिनिटं चालणारी ती मोटर वाऱ्यापेक्षा आपल्या लोखंडाच्या वजनावरच उष्णता पचवते. ब्रेक घासत नसेल तर तिच्याकडे बघायचंही कारण नाही.

आता उरलेलं

पंखा वरून ओढतो आणि कडेने फेकतो, त्यामुळे गिअरबॉक्सच्या सीलमधून थेंब आलाच तर पाती तो चारी बाजूंना शिंपडतील, कपॅसिटरवरसुद्धा. सध्या सील कोरडं आहे. तरी कपॅसिटर वरच्या कोपऱ्यात हलवतोय, तोंड खाली करून. क्लॅम्पची मापं घेतली आहेत, प्रिंट रात्री लावतो. या वेळी एबीएसच.