मोत्याचा स्वॅब राहिला

लांडग्याच्या डीएनएवर काम करतो म्हटलं की लोकांना वाटतं हा पांढरा कोट घालून एसीत बसत असणार. प्रत्यक्षात मी सोलापूर-नगरकडच्या माळावर लांडग्याची शी शोधत फिरतो. सापडली की काडीने थोडी खरवडून अल्कोहोलच्या ट्यूबमध्ये टाकायची, नंबर आणि जीपीएस लिहायचं, संपलं. शीवर आतड्याच्या पेशी चिकटलेल्या असतात, त्यातून नर का मादी, कुठल्या कळपातला, कुणाशी नातं, हे सगळं लॅबवाले काढतात, जनावराला हात न लावता.

तर जानेवारीत चुलतभावाचा फोन. आमचं गाव देवगडकडचं. "दादा, सड्यार लांडगो इलोहा, शेळी मारल्यान." मी हसलोच. कोल्हे आमच्याकडे उदंड, पण लांडगा म्हणजे घाटावरचं जनावर. सरांना गंमत म्हणून सांगितलं तर ते म्हणाले आत्ता निघ. कारण एक लांडगा म्हणजे किरकोळ गोष्ट नसते. स्वीडन-नॉर्वेत 1980 च्या दशकात एका जोडीपासून लांडगे परत वाढायला लागले पण नात्यातल्या नात्यातच पिल्लं होऊन गाडी अडली, मग 1991 च्या सुमारास पूर्वेकडून एकच नवा नर आला आणि संख्या भराभर वाढली. त्यात आपला भारतीय लांडगा जगातल्या लांडग्यांच्या सगळ्यात जुन्या शाखांपैकी एक, 2021 मध्ये जीनोमवरून, म्हणजे सगळ्या डीएनएवरून, ते पुढे आलं. असलं जनावर घाट उतरून समुद्रापर्यंत आलं असेल तर बघायलाच हवं.

रातोरात गाडी मारून पहाटे पोचलो. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, गवत वाळून पिवळं, खाली बागांत मोहोर, आणि कातळावर ती शेळी. गळ्याला दातांच्या खुणा, मागची बाजू खाल्लेली. भोवती अर्धा गाव आणि प्रत्येकाचं मत वेगळं. कोण म्हणे लांडगो, कोण कोलो, एक काका म्हणे कोळसुंदो. मी ग्लोव्ह्ज घालून गळ्यावरचे केस बाजूला केले आणि दातांच्या भोकांच्या कडेने ओला कापूस फिरवला, एकूण चार स्वॅब. तिथे चावणाऱ्याची लाळ असते, शेळीचं रक्तही असतं, पण लॅबमध्ये फक्त कुत्र्याच्या कुळातलाच डीएनए वाढेल अशी टेस्ट लावता येते. थोड्या अंतरावर शी पण मिळाली. फोडून बघितली तर आत बोरांच्या बिया आणि कुर्लीच्या कवचाचे तुकडे! रात्री किनाऱ्यावर कुर्ल्या खाऊन आलेला कोल्हा, ह्याला लॅब कशाला पाहिजे. तरी ट्यूब भरली.

शेळी एका म्हाताऱ्या आजीची. ती बाजूला बसून होती, पायाशी तिचा कुत्रा, मोत्या. फॉरेस्ट गार्डने पंचनामा करताना मला हळूच सांगितलं, लांडगा, कोल्हा, तरस, बिबट्या यातलं काही असेल तर भरपाई मिळते, गावातली कुत्री असतील तर काही नाही. यादीत रानकुत्रा आहे, पण तो म्हणजे ढोल, आमचा कोळसुंदा. उकिरड्यावर वाढून रानटी झालेला कुत्रा त्यात धरत नाहीत. आजीने ते ऐकलं असावं. निघताना म्हणाली, "झिला, तेवढा लांडगो म्हणान लिव."

मी काय लिहिणार, मी फक्त नंबर टाकतो.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. शी कोल्ह्याची. चारही स्वॅबमध्ये कुत्रा. पहिली टेस्ट फक्त आईकडून आलेला डीएनए दाखवते, म्हणजे कुत्रीला लांडग्यापासून झालेलं पिल्लूही त्यात कुत्राच दिसणार. पुण्याजवळ लांडगा-कुत्रा संकर जीनोमवरून सिद्ध झालाय, त्यामुळे आमच्याकडे ही शंका कायम असते. पुढची टेस्ट केली, दोन्ही बाजूंनी कुत्राच. लांडग्याचा मागमूस नाही.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोत्या! मी पोचायच्या आधी शेळीपाशी कोण कोण होतं हे मी विचारलंच नव्हतं. भावाला फोन केला तर म्हणाला, अरे मोत्यानेच तर दाखवली, तो तिला चाटत होता. म्हणजे ती लाळ मारणाऱ्याची की चाटणाऱ्याची? मोत्याच्या तोंडातला एक स्वॅब घेतला असता तर दोन प्रोफाइल जुळवून दहा मिनिटांत कळलं असतं. ही आमच्या कामातली बाराखडी, नवीन पोरांना मी स्वतः शिकवतो, आणि कुत्रा समोर शेपटी हलवत बसलेला असताना मी विसरलो. आजीचा अर्ज मात्र "कुत्रा" म्हणून निकालात निघाला.

मे महिन्यात आंब्यांसाठी घरी गेलो तेव्हा किट मुद्दाम बॅगेत टाकलं. आजीकडे गेलो, पाणी प्यायलो, विचारलं मोत्या खय?

"मोत्याक वाघान न्हेल्यान. पडवेतसून."

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. मी गप्प. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "मगे ह्येचे तरी पैसे गावतले काय रे?"

मारणाऱ्यांच्या यादीत बिबट्या आहे. मेलेल्यांच्या यादीत कुत्रा नाही.