अंडरटेकरची सही

अंडरटेकरची सही मी केली ती १९९४ च्या मे महिन्यात, डोंबिवलीत, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून.

त्या सुट्टीत आमच्या बिल्डिंगमध्ये डब्लूडब्लूएफच्या, म्हणजे टीव्हीवरच्या अमेरिकन पहिलवानांच्या, पत्त्यांची साथ होती. छाती, उंची, वजन, बायसेप्स. योकोझुना हातात आला की डोळे मिटून 'वजन' म्हणायचं आणि समोरच्याचा पत्ता ओढायचा. त्याआधी आम्ही बिगफनच्या बबलगमबरोबर येणारे क्रिकेटपटूंचे फोटो जमवायचो, पण पहिलवान आले आणि क्रिकेटपटू बुटाच्या खोक्यात गेले. पत्ते सगळ्यांकडे सारखेच. माझा अंडरटेकर आणि समोरच्या बिऱ्हाडातला अंडरटेकर यांत काडीचा फरक नाही, हे मला सलायला लागलं आणि मी सहीचा उद्योग काढला.

रेनॉल्ड्स त्या गुळगुळीत पत्त्यावर उमटेचना, नुसता चरा पडला. स्केचपेनची शाई थेंबाथेंबाने गोळा झाली आणि अंगठा लागताच त्याच्या हॅटवर पसरली. थुंकी लावून पुसली. शेवटी बाबांच्या गोदामातला, खोक्यांवर नंबर टाकायचा जाड काळा मार्कर उपयोगी पडला. इंग्रजीत, तिरकी, खाली झोकदार रेघ ओढून केलेली सही. काकांना तो विमानतळावर भेटला, अशी थाप मारून मी ती पाच पत्ते आणि एका टक्कल पडलेल्या टेनिस बॉलच्या बदल्यात खपवली.

चोवीस तास टिकली. गिऱ्हाइकाची ताई तेव्हा दहावीला होती. तिने पत्ता उजेडात धरला आणि विचारलं, "हा कुठला रे टेकर? तेंडुलकरांपैकी का?" वेंगसरकर, गावसकर यांच्या चालीवर मी शेवटी 'के ए आर' लिहून मोकळा झालो होतो. पत्ते गेले, बॉल गेला, अंडरटेकर साभार परत आला.

हे आठवायचं कारण माझा भाचा. वय तेरा, मुक्काम न्यू जर्सी. यंदा सुट्टीत आला तो कपड्यांपेक्षा जड फाइल घेऊन. बास्केटबॉलवाले, बेसबॉलवाले, 'स्टार वॉर्स'मधले नट, सगळ्यांची कार्डं, पुष्कळशांवर सह्या. जेवून झाल्यावर हात साबणाने धुऊन यायचं, मगच फाइल उघडणार. आमच्याकडे पोथीलासुद्धा एवढं सोवळं नाही.

त्याच्याकडून कळलं की सही केलेलं कार्ड थेट दुकानातल्या बंद पाकिटातूनच निघू शकतं. १९९० साली कार्डं छापणाऱ्या अपर डेक कंपनीने बेसबॉलच्या रेजी जॅक्सनकडून अडीच हजार कार्डांवर सह्या करून घेतल्या आणि ती कार्डं पाकिटांत मिसळून दिली. पुढे ती रीतच पडली. कधी पाकिटातून कार्डाऐवजी नुसती चिठ्ठी निघते: या खेळाडूची सही व्हायची आहे, झाली की पाठवू. पोराला याचा भयंकर राग. मला मात्र त्या परक्या देशाबद्दल एकदम आपुलकी वाटली. साहेबांची सही व्हायची आहे, उद्या या, हे ऐकतच आमचे केस पिकले.

टपालाने सही मागवायचीही तऱ्हा आहे. कार्ड, गोड भाषेतलं पत्र, आणि सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. मराठीत कथा-कविता पाठवणाऱ्याला ते पाकीट वेगळं सांगायला नको. आमचं मात्र जसं गेलं तसंच परत यायचं. याचं कधी कधी सही होऊन येतं. आणि गुळगुळीत कार्डावर शाई गोळा होऊ नये म्हणून हे लोक सहीआधी त्यावर बेबी पावडर घासतात! त्या मे महिन्यात आमच्या घरात कॅरमच्या पावडरचा अख्खा डबा होता.

"पण मामा, हे बघ," त्याने एक कार्ड तिरपं धरलं. सहीभोवती पारदर्शक चौकोन चकाकला. "स्टिकर ऑटो." ऑटो म्हणजे ऑटोग्राफ. खेळाडूकडे स्टिकरचे तावच्या ताव जातात, तो सह्या ठोकतो, कंपनी ते नंतर कार्डांवर चिकटवते. म्हणजे सही खरी, माणूस खरा, पण त्याने हे कार्ड जन्मात पाहिलेलं नाही. कार्डावरच केलेली सही ती 'ऑन-कार्ड', आणि शौकीन तिलाच जास्त मानतात. दिवंगतांच्या बाबतीत तर जुने चेक विकत घेऊन त्यांवरची सही कापतात आणि कार्डात बसवतात. बिचाऱ्याने किराण्याच्या बिलापोटी फाडला असेल चेक.

मी आधी हसलो. मग वाटलं, यात परकं काय आहे? आपल्याकडेही कपाळाला लावायचा अंगारा गाभाऱ्यातून आलेला लागतो, घरच्या उदबत्तीची राख चालत नाही. कार्ड छापखान्यातून हजारांनी निघतं. त्या माणसाचं मनगट या एवढ्याशा पुठ्ठ्यावर दोन सेकंद टेकलं होतं का, एवढंच पोराला हवं असतं. आणि नेमकं तेच बघून कळत नाही. म्हणून सही तपासून दाखला देणाऱ्या कंपन्या निघाल्या. अमेरिकेच्या तपासयंत्रणेला, एफबीआयला, १९९०च्या दशकात 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीमच काढावी लागली. खोट्या सह्यांचा ढीग सापडला, त्यात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा होते. मदर तेरेसा आणि बेसबॉल! ते करणारा हात माझ्याच जातकुळीतला. आपला माल कोणी स्पेलिंगपलीकडे तपासणार नाही, एवढी श्रद्धा मलाही होती.

हे ऐकवताना मला राहवलं नाही. माळ्यावरून बुटाचं खोकं काढलं. बिगफनचे फोटो एकमेकांना चिकटलेले, रबरबँडची नुसती पिवळी कवचं, आणि तळाशी अंडरटेकर. हॅटवर निळा डाग, छातीवर काळी सही, शेवटी 'कर'.

भाच्याने हात धुतले. पत्ता कडांना धरून उजेडात नेला, तिरपा केला, भिंगातून पाहिला. सगळी हकिगत आताच ऐकलेली असूनही चेहरा गंभीर. मग स्वतःच्या सामानातून पातळ प्लास्टिकची पिशवी काढून पत्ता तिच्यात सरकवला, वर कडक प्लास्टिकचं कव्हर चढवलं आणि माझ्या हातात दिला.

"फेक आहे, मामा," तो म्हणाला. "पण ऑन-कार्ड आहे."